स्कॅनमधली रंगीत वलयं: दोष फिल्मचा नव्हे, हवेचा

स्कॅनरच्या खोक्यावरचा ६४०० डीपीआय (एका इंचात टिपले जाणारे ठिपके) हा आकडा आधी विसरा. एप्सन व्ही ८५० सारखा फ्लॅटबेड, म्हणजे सपाट काचेचा स्कॅनर, तितके ठिपके मोजतो खरा, पण भिंगातून मिळणारा तपशील २३०० डीपीआयच्या आसपासच थांबतो. चार बाय पाच इंची ट्रान्सपरन्सीला (थेट रंगीत चित्र दिसणाऱ्या पारदर्शक फिल्मला) तेवढा पुष्कळ झाला. २४०० ला स्कॅन केलं तरी साडेअकरा कोटी पिक्सेल आणि १६ बिटमध्ये जवळपास ७०० एमबीची फाइल होते. पुढे नुसती फाइलच फुगते.

खरी डोकेदुखी वेगळीच. फिल्म थेट काचेवर ठेवली की निरभ्र आकाशाच्या भागात तेलाच्या तवंगासारखी रंगीत वलयं उमटतात. फिल्मला बुरशी लागली समजून लोक ती पुसत बसतात आणि ओरखडे पाडून घेतात. ही न्यूटनची वलयं. बहुतेक प्रकाश फिल्ममधून सरळ काचेपार जातो. थोडा मात्र काचेवरून परततो, मधली हवेची पातळ फट ओलांडून फिल्मवर आपटतो आणि पुन्हा खाली येऊन सरळ गेलेल्या प्रकाशात मिसळतो. दोन्ही वेळा साधारण ४ टक्केच परततो, म्हणजे उरतो ०.१६ टक्के. एवढ्याशाने काय होणार? पण बेरीज लहरींच्या उंचीची होते, तीव्रतेची नाही. ०.१६ टक्क्याचं वर्गमूळ ४ टक्के; त्यामुळे उजेड ८ टक्क्यांपर्यंत वर किंवा खाली जातो. हिरव्या प्रकाशासाठी हवेची फट २७५ नॅनोमीटरने बदलली की पुढचं वलय. फट काही मायक्रॉनच्या वर गेली की सगळ्या रंगांची वलयं एकमेकांत मिसळून पुसली जातात.

उपाय यातूनच निघतात. होल्डरमध्ये, म्हणजे फिल्म धरणाऱ्या चौकटीत, फिल्म काचेपासून सुमारे ३ मिलिमीटर वर राहते. नेमकी उंची पाव-पाव मिलिमीटर बदलून, दरवेळी स्कॅन करून ठरवा. फिल्म मध्ये झोळ खात असेल तर वरून अँटी-न्यूटन काच (एक बाजू किंचित खरखरीत केलेली काच) ठेवा, खरखरीत बाजू फिल्मकडे. काचेवरच ठेवायची झाली तर इमल्शनची, म्हणजे चित्र धरणाऱ्या जिलेटिनच्या थराची, बाजू खाली हवी, कारण तुळतुळीत पाठच जास्त वलयं पाडते. फिल्म उभी धरून तिच्या कडेवरच्या ओळखीच्या खाचा वरच्या कडेला उजवीकडे आल्या की इमल्शन तुमच्याकडे असतं. तशीच पालथी घाला आणि स्कॅन नंतर आडवा उलटा करा. माउंटिंग फ्लुइड, म्हणजे फिल्म आणि काचेमध्ये भरायचा द्रव, तर हवाच हटवतं, पण कडांना टेप लावा. थेंब स्कॅनरच्या काचेखाली गेला तर काच उघडावी लागते.

पावसाळ्यात जिलेटिन ओल धरून मऊ पडतं आणि काचेला जास्तच बिलगतं. त्या दिवसांत फिल्म आदल्या रात्री सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवावी.