स्पार्क कनेक्ट

स्पार्क कनेक्ट : अपाची स्पार्क ही विदा-प्रक्रिया प्रणाली दूरच्या क्लस्टरवर (एकत्र काम करणाऱ्या संगणकांच्या समूहावर) चालत असताना स्वतःच्या लॅपटॉपवरील संपादकातून तिला काम सांगण्याची सोय. स्पार्कच्या ३.४ या आवृत्तीत (एप्रिल २०२३) ती प्रथम आली.

तिचा उगम कोठे धरावा, हे जोडणी कशाला म्हणायचे यावर ठरते. नुसता दूरचा संपर्क पाहिला, तर अपाची लिव्ही (स्पार्कला दुरून काम देणारी आधीची सेवा) हा पूर्वज ठरतो. त्यात प्रोग्रामचे तुकडे मजकूररूपात पाठवले जात. डेटाब्रिक्स कंपनीच्या डेटाब्रिक्स कनेक्ट या साधनात (२०१९ च्या सुमारास) कामाचा आराखडा विकासकाच्याच यंत्रावर बने आणि त्यासाठी जावासह जवळजवळ सगळा स्पार्क तेथे बसवावा लागे. हेतू पाहता हाच जवळचा पूर्वज म्हणणे अधिक सयुक्तिक. रचना मात्र त्याच्याकडून आलेली नाही. उलट २०२३ मध्ये डेटाब्रिक्स कनेक्टचीच नव्याने बांधणी स्पार्क कनेक्टवर झाली.

स्पार्क कनेक्टमध्ये क्लायंट (विकासकाच्या यंत्रावरचा भाग) फक्त अनिर्णित तार्किक आराखडा तयार करतो. कोणते कोष्टक, कोणता स्तंभ यांची नावे त्यात असतात, पण ती खरोखर आहेत का हे तपासलेले नसते. हा आराखडा प्रोटोबफ या आटोपशीर द्विमान स्वरूपात, जीआरपीसी या दूरसंपर्क पद्धतीमार्गे (मूलनिर्धारित पोर्ट १५००२) क्लस्टरकडच्या सर्व्हरकडे जातो. पडताळणी, इष्टतमीकरण व अंमलबजावणी तिकडे होते आणि उत्तर अपाची ॲरो या स्तंभनिहाय विदा-स्वरूपाच्या तुकड्यांतून परत येते.

विश्लेषण असे लांबणीवर पडल्याने स्तंभाचे नाव चुकले तरी त्या ओळीवर काहीच घडत नाही. त्रुटी पुढे, स्कीमा (स्तंभांची नावे व प्रकार) किंवा निकाल मागितल्यावर उमटते. तात्पुरत्या व्ह्यूचेही (क्वेरीला दिलेल्या, कोष्टकासारख्या वापरता येणाऱ्या नावाचेही) तसेच. त्याच नावाने दुसरा व्ह्यू केला, तर आधी लिहिलेली पण अजून न चाललेली क्वेरी नवा व्ह्यू वाचते. स्पार्कच्या जुन्या, थेट पद्धतीत ती पहिल्यालाच बांधलेली राही. लूपमध्ये एकच नाव पुन्हा वापरण्याची सवय येथे महागात पडते. पायथनमधील स्वलिखित फलने मात्र सर्व्हरकडेच चालतात, म्हणून दोन्हीकडची पायथन आवृत्ती जुळवावी लागते. आरडीडी (स्पार्कचा मूळ, खालच्या पातळीवरचा विदासंच) व स्पार्ककॉन्टेक्स्ट (क्लस्टरशी थेट जोडणारा जुना दुवा) यांना क्लायंटमध्ये स्थान नाही.

सुरुवातीच्या आवृत्त्यांत ओळख-पडताळणी अंगभूत नव्हती. ती सर्व्हरच्या समोर बसवलेल्या प्रॉक्सीवर (मध्यस्थ सर्व्हरवर) सोपवलेली होती. गो व स्विफ्ट भाषांतही क्लायंट उपलब्ध आहेत.