हाइंडमार्श शायर

हाइंडमार्श शायर हा ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याच्या पश्चिम भागातला ग्रामीण स्थानिक स्वराज्य प्रदेश. क्षेत्रफळ ७,५२४ चौ. किमी. लोकसंख्या ५,६९८ (२०२१). चौरस किलोमीटरमागे एक माणूसही भरत नाही. निल, डिम्बूला, जेपॅरिट आणि रेनबो ही इथली चार मुख्य गावे, आणि मुख्यालय निल येथे. (‘निल’च्या इंग्रजी लेखनात ‘एच’ आहे, पण तो कोणी उच्चारत नाही.) मेलबर्न–ॲडलेड महामार्ग आणि रेल्वे दोन्ही डिम्बूला व निलवरून जातात. निल हे मेलबर्न आणि ॲडलेडच्या साधारण मध्यावर असल्याने महामार्गावरच्या ट्रकवाल्यांचा इथे हमखास थांबा असतो. जेपॅरिट आणि रेनबो महामार्गापासून उत्तरेला, आडबाजूला.

‘शायर’ हा शब्द इंग्लंडमधून आलेला आहे, गझलवाल्या शायराशी त्याचा संबंध नाही. व्हिक्टोरियात सिटी, बरो आणि शायर अशी स्थानिक संस्थांची नावे असली तरी कायद्याने त्यांचे अधिकार जवळपास सारखेच आहेत. ‘शायर’ म्हटले की विस्तीर्ण आणि बहुधा ग्रामीण क्षेत्र, एवढेच समजायचे. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद अशा तीन पायऱ्यांची सवय असलेल्या वाचकाने एक गोष्ट ध्यानात ठेवावी. इथे पायरी एकच आहे. शायरच्या खाली गावाची स्वतंत्र निवडून आलेली पंचायत नाही आणि वर थेट राज्य सरकार.

या शायरला नाव मिळाले ते एका तळ्यावरून, आणि ते तळे गेल्या काही दशकांत बराच काळ कोरडेच राहिले आहे. हाइंडमार्श सरोवर हे व्हिक्टोरियातले सर्वांत मोठे नैसर्गिक गोड्या पाण्याचे सरोवर. एडवर्ड जॉन आयर या प्रवाशाने १८३८ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे पहिले गव्हर्नर जॉन हाइंडमार्श यांचे नाव त्याला दिले. सरोवरात येणारी विमेरा नदी समुद्राला मिळत नाही. ती इथेच संपते. फार मोठा पूर आला तरच सरोवर भरून पाणी पुढे उत्तरेकडच्या अल्बाकूट्या सरोवरात जाते, आणि तशी वर्षे एका पिढीला एखाद-दुसरीच लाभतात. तरीही ओल्या वर्षांत जमणाऱ्या पाणपक्ष्यांमुळे अल्बाकूट्याला १९८२ मध्ये रामसर पाणथळीचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला. विसाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेल्या दीर्घ अवर्षणात हाइंडमार्श सरोवराचा तळ उघडा पडला होता. २०११ च्या पुराने त्यात पुन्हा पाणी आणले.

मूळ रहिवासी वोट्जोबालुक लोकांच्या कथेनुसार ही नदी पुर्रा नावाच्या कांगारूने घडवली. डोआन हा झेप घेणारा पॉसम (झाडावर राहणारा, पोटाला पिशवी असलेला लहान प्राणी) त्याच्या मागे लागला होता. पुर्रा पळाला तो नदीचा मार्ग झाला, आणि जिथे तो चरायला थांबला तिथे सरोवर झाले. युरोपीय मेंढपाळ १८४० च्या दशकात इथे पोचले आणि वोट्जोबालुकांची जमीन हातची गेली. मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनी १८५९ मध्ये नदीकाठी एबेनेझर मिशन उभारले. ते १९०४ मध्ये बंद झाले. तिथले दगडी चर्च अजून उभे आहे. वोट्जोबालुक आणि त्यांच्याशी संबंधित समूहांच्या जमिनीवरच्या परंपरागत मूळ हक्काला (‘नेटिव्ह टायटल’) संघीय न्यायालयाने १३ डिसेंबर २००५ रोजी मान्यता दिली. व्हिक्टोरियातला असा तो पहिलाच निकाल. ज्या राज्यात जमिनी सर्वांत झपाट्याने वाटल्या गेल्या, तिथे हा हक्क न्यायालयात टिकणे ही साधी गोष्ट नव्हती.

गावांच्या नावांची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. जेपॅरिट म्हणजे ‘लहान पक्ष्यांचे घर’ असा अर्थ सांगतात. रेनबोचे नाव रानफुलांनी रंगणाऱ्या अर्धचंद्राकृती टेकाडावरून पडले. डिम्बूलाचे आधीचे नाव ‘नाइन क्रीक्स’, म्हणजे नऊ ओढे. नवे नाव श्रीलंकेत राहून आलेल्या एका मोजणी अधिकाऱ्याने तिथल्या दिंबुला या जागेवरून दिले, असे सांगितले जाते. सिंहलीत दिंबुल म्हणजे उंबर, संस्कृत उदुंबराचेच रूप. ही हकिकत खरी असेल तर युकॅलिप्टसच्या या मुलखात एका गावाने आपल्या ओळखीच्या झाडाचे नाव धारण केले आहे.

शेती कोरडवाहू. गहू, बार्ली, कॅनोला, मसूर आणि मेंढ्या. १८७० च्या दशकापासून जमीन शेतकऱ्यांना तुकड्यांनी मिळू लागली, तेव्हा साउथ ऑस्ट्रेलियातून जर्मन ल्यूथरन कुटुंबे मोठ्या संख्येने आली. आजही रानात एकटी उभी असलेली त्यांची चर्चे दिसतात. पाण्यासाठी शतकभर उघड्या पाटांवर भिस्त होती. दक्षिणेकडच्या डोंगरांतल्या धरणांतून निघालेले पाणी सुमारे १७,५०० किमी मातीच्या पाटांतून शेततळ्यांत सोडले जाई, आणि त्यातले बहुतांश वाटेतच झिरपून किंवा वाफ होऊन जाई. त्याऐवजी विमेरा-मॅली पाइपलाइन आली. जवळपास ९,००० किमी लांबीचे हे बंद नळांचे जाळे २०१० मध्ये पूर्ण झाले. वाचलेल्या पाण्यातला मोठा वाटा नद्यांना परत द्यायचे ठरले. पण पाटांच्या जिवावर भरणारी लहान तळी आणि डबकी सुकली, आणि त्याबरोबर बेडूक आणि पोहणारी पोरे दोन्ही गेली, ही हळहळ जुन्या लोकांत आहे. मोठ्या करमणुकीच्या तळ्यांसाठी आता पाण्याचा वेगळा वाटा ठरवून द्यावा लागतो.

आजचे शायर हे २० जानेवारी १९९५ चे. त्याआधी डिम्बूला आणि लोवन ही दोन वेगळी शायरे होती. (लोवन हे मॅलीफाउल या पक्ष्याचे स्थानिक नाव. हा पक्षी अंडी उबवायला मातीचा ढीग रचतो.) राज्याचे तेव्हाचे प्रीमियर (मुख्यमंत्री) जेफ केनेट यांच्या सरकारने राज्यातल्या २१० स्थानिक संस्था एकत्र करून ७८ वर आणल्या. निवडून आलेली कौन्सिले बरखास्त झाली, काही काळ सरकारने नेमलेल्या आयुक्तांनी कारभार पाहिला. खर्च वाचवणे हा हेतू होता. कागदावर एक शायर झाले, पण चार गावे चारच राहिली. कौन्सिलची कार्यालये चारही गावांत आहेत, पोहण्याचे तलाव चारही गावांत आहेत, आणि कौन्सिलला सल्ला देणारी नागरिकांची समितीही प्रत्येक गावाची वेगळी. एका गावातला तलाव बंद करू म्हणण्याची हिंमत कोणत्याही कौन्सिलरला होणे कठीण, कारण पुढचा तलाव तीस-चाळीस किलोमीटरवर असतो आणि उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो.

कौन्सिलमध्ये सहा सदस्य. निवडणूक दर चार वर्षांनी ऑक्टोबरच्या चौथ्या शनिवारी. मतदान सक्तीचे आहे, आणि २०२४ मध्ये राज्यभर ते टपालाने झाले. महापौर सदस्यांतूनच निवडला जातो. रोजचा कारभार मुख्य कार्यकारी अधिकारी पाहतो. त्याला कौन्सिल कराराने नेमते आणि बाकीचे कर्मचारी त्याच्या हाताखाली असतात. कर्मचाऱ्यांना सदस्यांनी परस्पर हुकूम सोडू नयेत, हा दंडक २०२० च्या स्थानिक शासन कायद्याने आणखी घट्ट केला. ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेत मात्र स्थानिक संस्थांचा उल्लेखही नाही. तो घालावा म्हणून १९७४ आणि १९८८ मध्ये सार्वमत झाले, दोन्ही वेळा लोकांनी नकार दिला. त्यामुळे शायर हे पूर्णपणे राज्याच्या कायद्याचे अपत्य, आणि राज्याने ठरवले तर १९९५ सारखे एका रात्रीत बदलता येते.

शाळा, पोलीस आणि पाणीपुरवठा शायरकडे नाही. रुग्णालयेही नाहीत. निल, जेपॅरिट आणि रेनबोची एका आरोग्य संस्थेकडे, तर डिम्बूलाचे दुसरीकडे. शायरकडे उरतात रस्ते, कचरा, बांधकाम परवाने, ग्रंथालये, बालसंगोपन केंद्रे, कॅराव्हॅन पार्क, उद्याने आणि सभागृहे. यांत खरा खर्च रस्त्यांचा. धान्याने भरलेले लांबलचक ट्रक सुगीच्या दिवसांत मुरमाच्या रस्त्यांची चाळण करतात आणि शायरचे ग्रेडर वर्षभर ती बुजवत फिरतात. उत्पन्नाचा मुख्य स्वतःचा स्रोत मालमत्ता कर. तो जमीन आणि बांधकाम यांच्या एकत्रित किमतीवर बसतो, आणि शेतजमिनीला वेगळा दर लावता येतो. २०१६–१७ पासून राज्याने करवाढीला टक्केवारीची मर्यादा घातली, ती पहिल्या वर्षी २.५ टक्के होती. सर्वांना एकच टक्केवारी, हे दिसायला न्याय्य आहे. पण मेलबर्नच्या उपनगराला नव्या इमारतींमधून नवे करदाते मिळत राहतात, पार्किंगचे पैसे मिळतात. इथे तसे काही नाही. म्हणून केंद्राच्या आर्थिक साहाय्य अनुदानावाचून अशा शायरचे पान हलत नाही.

जेपॅरिटची ओळख रॉबर्ट मेंझीस यांच्यामुळे. ऑस्ट्रेलियाचे सर्वाधिक काळ पंतप्रधान राहिलेले मेंझीस (१९३९–४१ आणि १९४९–६६) २० डिसेंबर १८९४ रोजी इथे जन्मले. वडील गावात दुकान चालवत आणि पुढे राज्याच्या विधानसभेवर गेले. गावाने मेंझीसांच्या सन्मानार्थ वर काटेफूल बसवलेला उंच मनोरा उभारला आहे.

निलची अलीकडची ओळख मात्र कारेन लोकांमुळे झाली. गावातल्या ‘लव्ह-अ-डक’ या बदक प्रक्रिया कंपनीला कामगार मिळत नव्हते. २०१० पासून तिने म्यानमारमधून थायलंडच्या छावण्यांमार्गे मेलबर्नमध्ये आलेल्या कारेन निर्वासितांना बोलावले. आधी काही कुटुंबे आली, मग नातेवाईक, मग ओळखीचे. २०१५ च्या एका अभ्यासाने कारेनांची संख्या १६० च्या आसपास सांगितली आणि त्यांच्यामुळे पाच वर्षांत स्थानिक अर्थव्यवस्थेत सुमारे ४.१५ कोटी डॉलरची भर पडल्याचा हिशेब मांडला. आकडा मोठा आहे, पण दोन हजारांवर थोड्या वस्तीच्या आणि ओसरत चाललेल्या गावात शाळेचे वर्ग पुन्हा भरणे हेच जास्त मोलाचे. हे आपसूक झाले नाही. घरे शोधून देणे, इंग्रजीचे वर्ग, गाडी शिकवणे (गाडीशिवाय इथे नोकरी टिकत नाही) अशी कामे कंपनी, शिक्षण केंद्र, शायर आणि शेजारीपाजारी यांनी वाटून घेतली.

इतर गावांची वस्ती वयस्क होत चालली आहे. त्याचा दाखला फुटबॉलच्या मैदानावर मिळतो. ऑस्ट्रेलियन फुटबॉल आणि मुलींचा नेटबॉल हा इथला शनिवारचा मेळावा. संघापुरती तरुण मंडळी जमेनात तेव्हा जेपॅरिट आणि रेनबोचे क्लब, एकेकाळचे प्रतिस्पर्धी, एक झाले.

दक्षिणेला लिटल डेझर्ट, उत्तरेला बिग डेझर्ट आणि वायपरफेल्ड हे झुडपी रानांचे मोठे संरक्षित पट्टे आहेत. नावात वाळवंट असले तरी वसंतात ते फुलांनी भरतात. १९६९ मध्ये लिटल डेझर्टची जमीन शेतीसाठी फोडण्याचा घाट राज्य सरकारने घातला. त्याविरुद्ध मोठे जनमत उभे राहिले, योजना बारगळली आणि पुढच्याच निवडणुकीत ती आणणारे मंत्री पडले. व्हिक्टोरियातल्या निसर्गरक्षण चळवळीचा आरंभ बरेच जण इथून मोजतात. याच रानात जानेवारी २०२५ च्या अखेरीस विजेमुळे वणवा पेटला, हजारो हेक्टर जळाले आणि डिम्बूलाच्या लोकांना गाव सोडण्याचा इशारा द्यावा लागला.