तुरुंगाची दोन कामं: धाक आणि अटकाव

‘वीस वर्षं आत टाका, गुन्हे आपोआप थांबतील,’ असं म्हणणारा माणूस एका दमात दोन वेगळे दावे करतो. शिक्षा पाहून बाहेरचे बिचकतील, हा झाला धाक. आणि जो आत गेला त्याला निदान तेवढी वर्षं बाहेर काही करता येणार नाही, हा अटकाव. गुन्हे घटले की आकडा एकच दिसतो, त्यामागे यातलं नेमकं काय होतं ते कळत नाही.

पैशाच्या हिशेबात मात्र दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. धाक लागू पडला तर गुन्हाच घडत नाही आणि कुणाला कोंडावंही लागत नाही. अटकावाचा खर्च रोजचा: जेवण, पहारा, औषधपाणी, तारखेला कोर्टात नेणारे पोलीस. शिवाय तो माणूस बाहेर राहून जेवढे गुन्हे करणार होता तेवढाच त्याचा फायदा. साठीला आलेल्या, हातपाय थकलेल्या दरोडेखोराला आणखी दहा वर्षं ठेवून अटकाव फारसा साधत नाही.

मग दोन्ही वेगळे मोजायचे कसे? 2006 साली इटलीत ती संधी आली. खच्चून भरलेले तुरुंग मोकळे करण्यासाठी तिथल्या संसदेने सामूहिक माफी दिली. ज्यांची तीन वर्षांहून कमी शिक्षा उरली होती असे हजारो कैदी बाहेर आले. अट एवढीच, की पाच वर्षांत पुन्हा गंभीर गुन्हा केला तर माफ झालेली शिक्षा नव्या शिक्षेवर चढणार. आता सारख्याच गुन्ह्यात सारखीच शिक्षा झालेले दोघे घ्या. एक आधी आत गेलेला, त्याच्या डोक्यावर दोन महिने टांगलेले. दुसरा उशिरा गेलेला, त्याच्यावर तीस. दोघेही बाहेर, म्हणजे अटकाव दोघांनाही शून्य. वागण्यात फरक पडला तर तो धाकाचाच. द्रागो, गाल्बियाती आणि वेर्तोव्हा या अर्थशास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा टांगत्या शिक्षेच्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा गुन्हा करण्याची शक्यता सुमारे 1.3 टक्क्यांनी कमी निघाली. पण त्याच माफीनंतर देशातले गुन्हे वाढलेही. तो गेलेल्या अटकावाचा परिणाम होता.

आपल्याकडे निव्वळ अटकावाचं उदाहरण म्हणजे तडीपारी. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाखाली दोन वर्षांपर्यंत माणसाला हद्दीबाहेर ठेवता येतं. आपल्या भागाला उसंत मिळते, पण तो शेजारच्या जिल्ह्यात काय करतो ते त्या जिल्ह्याने बघायचं.

मला खरी काळजी वाटते ती कच्च्या कैद्यांची. 2022 अखेर देशातल्या तुरुंगांत पावणेसहा लाखांच्या आसपास कैदी होते आणि दर चारांतले तीन कच्चे. गुन्हा शाबित नसताना कोंडल्याने अटकाव होतो, हे खरं. पण गुन्हा केला तर काय भोगावं लागेल आणि नाही केला तर काय, या दोन्हींतल्या अंतरातून धाक येतो. निर्दोष माणूसही जामिनाअभावी दोन-दोन वर्षं आत सडणार असेल, तर ते अंतरच आटतं. म्हणजे अटकावासाठी आपण पैसे मोजतो आणि त्याच पैशांनी धाक कमी करतो.