अंड्यातूनच ओळखू येतो साप

हिरवंगार अंग, नारिंगी पंजे, लालभडक डोळे. ‘जगातला सर्वांत विषारी बेडूक’ म्हणून या बेडकाचा फोटो हल्ली फिरत असतो. ते साफ खोटं आहे. माणसाच्या जिवावर बेतेल असं विष या लालडोळ्या झाडबेडकात नसतं. अशा थापांमुळे त्याची खरी करामत मात्र झाकली जाते, आणि ती आहे त्याच्या अंड्यांत.

दक्षिण मेक्सिकोपासून कोलंबियापर्यंतच्या सखल, दमट जंगलांत हा बेडूक राहतो. दिवसा पाय पोटाशी घेऊन पानावर झोपतो, रात्री हिंडतो. डबक्यावर झुकलेल्या पानावर मादी साधारण ४० अंड्यांचा बुळबुळीत पुंजका चिकटवते. सहा-सात दिवसांनी अंडी फुटतात आणि बेडूकमासे खाली पाण्यात पडतात.

पण अंडी खाणारा साप आला, तर चार-पाच दिवसांचे भ्रूणसुद्धा भराभर अंडी फोडून पाण्यात उड्या घेतात! जीवशास्त्रज्ञ कॅरन वॉरकेंटिन यांनी १९९५ मध्ये हे दाखवून दिलं. गांधीलमाशी मात्र एकेक अंडं उचलते. तेव्हा तिच्या तावडीतलं अंडं आणि फार तर आजूबाजूची काही, एवढीच फुटतात.

मग सगळेच आधी का बाहेर पडत नाहीत? कारण पाण्यात मासे आणि कोळंब्या टपलेल्या असतात, आणि कोवळा बेडूकमासा त्यांना सहज सापडतो. त्यामुळे उगाच घाबरणंही महागात पडतं. सापाप्रमाणे पावसानेही पान हादरतं, तरी भ्रूण जागचे हलत नाहीत. हे कसं जमतं? सापाच्या हल्ल्याची आणि पावसाची नोंदवलेली कंपनं अंड्यांना पुन्हा देऊन संशोधकांनी ते तपासलं. प्रत्येक हादरा किती वेळ टिकतो आणि दोन हादऱ्यांमध्ये किती खंड पडतो, यावरून भ्रूण निर्णय घेतात. सापाचे हादरे लांब असतात, मधला खंडही मोठा. धोका पटला की तोंडाजवळच्या ग्रंथींतून विकरं (एन्झाइम) स्रवतात, आवरणाला तिथेच भोक पडतं आणि पिल्लू वळवळत बाहेर येतं. सगळा खेळ काही सेकंदांचा.

हादरा मुख्यतः जाणवतो तो अंतर्कर्णातल्या तोल सांभाळणाऱ्या भागाला. भ्रूणाला हळूच कलतं केलं की त्याचे डोळे उलट दिशेला फिरतात, ते याच भागामुळे. ही डोळ्यांची हालचाल ज्या वयात दिसू लागते, साधारण त्याच सुमाराला हादऱ्याने अंडी फुटू लागतात.