तेल घरचं असलं म्हणून वीज फुकट पडत नाही

सौदी अरेबियात उन्हाळ्यात कच्चं तेल थेट बॉयलरमध्ये जाळून वीज बनवतात. रिफायनरी वगैरे भानगड नाही, जमिनीतून काढलं, थोडंफार साफ केलं की गेलं पॉवर प्लांटला. 2015 च्या आसपास ऐन उन्हाळ्यात हा आकडा रोज 9 लाख बॅरलच्या घरात गेला होता, म्हणजे कितीतरी तेल उत्पादक देशांचं अख्खं उत्पादनही एवढं नसतं. ऐकायला वेडेपणा वाटतो, पण तिथल्या वीज कंपनीच्या वहीत बघितलं तर तो वेडेपणा नव्हताच, आणि खरी गोम तिथेच आहे.

हिशेब करून बघू. एका बॅरलमध्ये 159 लिटर तेल, जाळलं की साधारण 1700 युनिट इतकी उष्णता मिळते. जुन्या वाफेवरच्या प्लांटमध्ये त्यातली जेमतेम एक तृतीयांश वीज होते, बाकीची उष्णता समुद्रात नाहीतर हवेत. म्हणजे बॅरलमागे 570 युनिट वीज धरा. आता तेल जमिनीतून वर काढायचा सौदीच्या सरकारी तेल कंपनीचा, अरामकोचा, खर्च बॅरलला तीनएक डॉलर, त्या भावाने इंधनाचा खर्च पडला युनिटला अर्धा सेंट. एवढी स्वस्त वीज कुणाला नकोय? पण तेच बॅरल बाहेर 70 डॉलरला जात असेल तर त्या प्रत्येक युनिटमागे तुम्ही 12 सेंट जाळलेत, फक्त ते कुठल्याच बिलावर दिसत नाहीत. आणि शेजारीच अबुधाबीत अल धफ्रा सोलर प्रकल्पासाठी 2020 मध्ये बोली आली होती युनिटला 1.35 सेंटची.

त्यामुळे तेलवाल्या देशाचं ऊर्जा धोरण लिहायला बसलं की पहिला प्रश्न सोलर की अणुऊर्जा हा नसतोच. पहिला प्रश्न हा की आपलंच तेल आपल्याच वीज कंपनीला कुठल्या भावाने द्यायचं. तो भाव 3-4 डॉलर ठेवलात तर सोलर, चांगले एसी, भिंतींचं इन्सुलेशन, काहीच परवडणार नाही, कागदावर तेलच जिंकणार. भाव बाजाराचा लावला की तेच गणित रातोरात उलटं होतं.

यावर एक आक्षेप हमखास येतो, की ओपेकच्या, म्हणजे तेल विकणाऱ्या देशांच्या संघटनेच्या, कोट्यामुळे वाचलेलं तेल विकता तरी कुठे येतं. पण कोटा उत्पादनावर असतो, निर्यातीवर नाही. देशात कमी जाळलं तर तेवढ्याच उत्पादनातून जास्त तेल बंदरावर जातं. सगळ्यांनी एकदम असं केलं तर जगात भाव पडतील, ते खरंय, पण एकट्या देशापुरता हा फायदा रोकडा आहे.

किती? वाळवंटात 1000 मेगावॅट सोलर वर्षाला 200 कोटी युनिट सहज देतं. जुन्या प्लांटच्या हिशेबाने ते झाले 35 लाख बॅरल, म्हणजे 70 च्या भावाने 24-25 कोटी डॉलर. 2019 मध्ये चालू झालेल्या 1177 मेगावॅटच्या नूर अबुधाबी सोलर प्रकल्पाचा खर्च होता 320 कोटी दिरहम, साधारण 87 कोटी डॉलर. अमिरातीत वीज मुख्यतः गॅसवर आहे त्यामुळे तिथे हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही, पण तेल जाळणाऱ्या देशाने असा प्रकल्प उभारला तर तीन-चार वर्षांत पैसे वसूल. असा धंदा सोडून कोणी तेल का जाळत बसेल, तर वर सांगितलं ते, वहीत तेल 3 डॉलरचं लिहिलेलं असतं म्हणून.

अर्थात सोलर म्हणजे नुसती पॅनल टाकली आणि झालं असं नाही. उन्हात पॅनल 65-70 अंशापर्यंत तापतं आणि 25 च्या वर दर अंशाला साधारण 0.3 ते 0.4 टक्के वीज कमी होते, म्हणजे भर दुपारी 15 टक्के तिथेच गेले, वर धूळ बसते ती वेगळी. दुपारचे एसी आणि दुपारचं ऊन छान जुळतं पण आखाती किनाऱ्यावर रात्रीही उकाडा आणि दमटपणा असतोच, एसी बंद होत नाहीत. म्हणून दुबईने वितळलेल्या मिठात उष्णता साठवणारा 262 मीटर उंच टॉवर उभारला, त्यातून सूर्य मावळल्यावर 15 तासांपर्यंत वीज काढता येते. आता मात्र बॅटऱ्या इतक्या स्वस्त झाल्यात की मिठाचा हा मार्ग पुढे किती चालेल याबद्दल मला शंकाच आहे.

गॅसची गोष्ट अजून चमत्कारिक. बऱ्याच ठिकाणी गॅस तेलासोबतच वर येतो. म्हणजे ओपेकने तेल कमी काढायचं ठरवलं की गॅसही कमी, आणि वीज कंपनी पुन्हा तेल जाळायला मोकळी! सौदीने 1970 च्या दशकातच हा गॅस गोळा करणारी पाइपलाइनची यंत्रणा उभारायला घेतली, त्याआधी तो विहिरीच्या तोंडाशीच पेटवून देत. इराकमध्ये अजूनही पेटवतात, जगात सर्वात जास्त गॅस असा जाळणाऱ्या देशांत तो आहे, आणि त्याच वेळी वीज बनवायला इराणकडून गॅस विकत घेत आलाय. कुवेत तेलावर तरंगतोय आणि 2009 पासून जहाजांनी एलएनजी, म्हणजे थंड करून द्रव केलेला गॅस, आणतो. अशा देशांना आधी कॉम्प्रेसर आणि पाइप हवेत. ग्रीन हायड्रोजनच्या परिषदा नंतर भरवा, नाहीतर ती आग रामेश्वरी बंब सोमेश्वरी.

आणि पाणी. हा भाग बाहेरच्यांच्या लक्षातच येत नाही. आखातात पिण्याचं पाणी समुद्राचं खारं पाणी गोडं करून मिळतं, आणि जुने प्लांट असे बांधलेत की त्यात वीज आणि पाणी एकत्र बनतं, टर्बाइनमधून निघालेल्या वाफेवर समुद्राचं पाणी उकळायचं. बांधले तेव्हा हुशारी होती ती. पण हिवाळ्यात एसी बंद झाले की विजेची मागणी निम्म्याच्या आसपास येते आणि पाणी मात्र लोकांना तेवढंच लागतं, मग विजेची गरज नसतानाही नुसत्या पाण्यासाठी प्लांट चालवावा लागतो. अशात तुम्ही भरपूर सोलर आणलंत तर ती वीज घ्यायला जागाच नाही, कारण पाण्यासाठी चालू असलेला प्लांट बंद करता येत नाही! यावर उपाय म्हणजे रिव्हर्स ऑस्मोसिस, दाबाने पाणी पडद्यातून ढकलायचं, हजार लिटरला 3 ते 4 युनिट वीज, वाफ नकोच. शिवाय पाणी टाकीत साठवता येतं, म्हणजे दुपारी सोलर जोरात असताना पाणी बनवा, रात्री पंप थांबवा. माझ्या मते आखातातल्या कुठल्याही धोरणात सर्वात कमी गाजावाजा झालेलं आणि सर्वात जास्त कामाचं पान हेच आहे.

अणुऊर्जेचं थोडक्यात सांगतो. अमिरातीने 2009 मध्ये कोरियन कंपनीला काम दिलं, बराका अणुप्रकल्पाची पहिली अणुभट्टी 2020 मध्ये ग्रिडला जोडली, चौथी 2024 मध्ये व्यावसायिकरीत्या चालू झाली. 5600 मेगावॅट, देशाची साधारण चौथा हिस्सा वीज. काम चोख, पण पंधरा वर्षं लागली हे विसरू नका.

आता सर्वात अवघड प्रकरण, लोकांना किती पैसे लावायचे. कुवेतच्या नागरिकांना घरगुती वीज युनिटला 2 फिल्स, म्हणजे एका सेंटहूनही कमी, कित्येक दशकं तोच दर. आणि 2024 च्या जूनमध्ये त्याच कुवेतला ठरवून वीज कपात करावी लागली. स्वस्त वीज म्हणजे मुबलक वीज हा समज तिथे गळून पडला. पण दर वाढवणं म्हणजे आगीशी खेळ. इराणने डिसेंबर 2010 मध्ये इंधनाचे भाव जबर वाढवले, मात्र त्याआधीच घरोघरी खात्यात पैसे टाकले होते, माणशी महिना 4 लाखांवर रियाल, त्यामुळे ते निभावलं. पुढे महागाईने त्या रकमेची किंमतच उरली नाही आणि नोव्हेंबर 2019 मध्ये रातोरात पेट्रोल वाढवलं तेव्हा देश पेटला, माणसं मेली. नायजेरियात 2023 च्या मे महिन्यात नव्या अध्यक्षांनी शपथविधीच्याच भाषणात सबसिडी गेली म्हणून सांगून टाकलं, भरपाईची व्यवस्था मागून. सौदीने साधं पेट्रोल 2015 च्या अखेरीस लिटरला 0.45 रियालवरून 0.75 केलं, 2018 मध्ये 1.37, आणि या दुसऱ्या वाढीच्या आधी गरीब-मध्यम घरांसाठी नागरिक खातं काढून त्यात पैसे पोचवले. क्रम बघा फक्त. पैसे आधी, दरवाढ नंतर, आणि ती रक्कम महागाईप्रमाणे वाढती ठेवायची, एवढ्यावर अख्खं धोरण तरतं किंवा बुडतं.

नॉर्वेचं उदाहरण सगळे देतात, पण त्यांच्याकडे डोंगर आणि पाऊस आहे, घरची वीज बहुतांश पाण्याची, तेल विकायलाच मोकळं. उचलण्यासारखं आहे ते त्यांचं पैशाचं शिस्तबद्ध खातं: तेलाचा पैसा फंडात आणि खर्चाला दरवर्षी फंडाच्या साधारण 3 टक्केच. कारण तेलाचा भाव 2014 ला 100 च्या वर असतो आणि 2016 च्या सुरुवातीला 30 च्या खाली, भाव चढा असला की सुधारणांची गरज कुणाला वाटत नाही आणि पडला की सुधारणांना पैसा नसतो.

सौदीने 2030 पर्यंत निम्मी वीज नवीकरणीय आणि बाकीची गॅसवर असं ठरवलंय, वीज, पाणी, उद्योग आणि शेती यांत जळणारं तेल (कच्चं तेल, डिझेल वगैरे मिळून) दिवसाला 10 लाख बॅरलने घटवायचं आहे. घोषणा खरी की खोटी हे तपासायला भाषणं ऐकायची गरज नाही. कुठला देश किती कच्चं तेल थेट जाळतोय हे जोडी (JODI) नावाच्या आंतरराष्ट्रीय डेटाबेसमध्ये दर महिन्याला छापून येतं, सौदीचे त्यातले ऑगस्टचे आकडे काढा आणि आधीच्या ऑगस्टशेजारी ठेवा.