टेम्परिंगने पोलाद जास्त कठीण होत नाही

टेम्पर केलं की पोलाद आणखी कठीण होतं, हा समज वर्षानुवर्षं फिरतोय. साध्या कार्बन पोलादाच्या बाबतीत तरी तो उलटा आहे. कठीणपणा आधीच येतो, सुमारे ८०० अंश सेल्सिअसला लालबुंद तापवून पाणी दिल्यावर, म्हणजे पाण्यात बुडवून झटकन थंड केल्यावर. पण तेवढ्यावर थांबलेलं पातं ठिसूळ असतं, टणक जागी आपटलं तर तुकडा उडतो. म्हणून ते पुन्हा, बेताने तापवतात. टेम्परिंग म्हणजे हे दुसरं तापवणं. २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळी झाक चढते, ३०० च्या सुमारास निळी. कठीणपणा थोडा उतरतो, चिवटपणा वाढतो. आणि हा सौदा फायद्याचाच आहे. टेम्पर्ड काचेचं तंत्र मात्र वेगळं: ६०० अंशांहून जास्त तापवून हवेच्या झोताने ती झटपट थंड करतात.