लेकराला नेमकं कुणाकडं न्यायचं?

लेकरू बोलत नाही, शाळेत जायला रडतं, एका जागी ठरत नाही. तिन्हींना आपण एकच उपाय शोधतो: ‘कुणीतरी चांगला समुपदेशक सांगा.’ पण या तीन अडचणींवर उपचार करणारी माणसं वेगळी आहेत.

बोलायला उशीर होत असेल, तर वाचा उपचाराआधी (स्पीच थेरपीआधी) कान तपासा. हाक मारल्यावर वळतं म्हणजे सगळं ऐकू येतं, असं नाही. ‘स’, ‘श’सारखे बारीक आवाज निसटत असू शकतात. लहान मुलांची बेरा, म्हणजे ऐकू येतं का हे बघायची तपासणी, झोपेत करतात. किनवटहून नांदेडला येताना लेकरू एसटीत झोपतं आणि तपासणीच्या वेळी टक्क जागं असतं. खेप वाया जाते. त्या दिवशी त्याला पहाटे उठवा, गाडीत खेळवत जागं ठेवा.

शाळेची भीती असेल, तर उपचार करणाऱ्याला सरळ विचारा, ‘दर भेटीत काय करणार?’ उत्तरात पायऱ्या हव्यात: आधी फाटकापर्यंत, मग व्हरांडा, मग एक तास वर्गात. नुसता धीर देऊन ‘शांत होईपर्यंत घरीच ठेवा’ म्हणत असतील, तर सावध व्हा. टाळल्यानं भीती वाढते. सोसवेल एवढ्या भीतीत थोडं थांबलं की ती ओसरते.

सहा वर्षांखालच्या अति चंचल मुलात तर आधी शिकवायचं असतं आईबापाला. तुम्हाला बाहेर बसवून रोज एकट्या लेकराशी गप्पा मारणारा उपचार इथं अपुरा पडतो.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि वाचा उपचारतज्ज्ञ यांची भारतीय पुनर्वास परिषदेकडं नोंदणी लागते. तो क्रमांक मागायला लाजू नका. घरात लमाणी किंवा दखनी बोलत असाल, तर पहिल्याच भेटीत सांगा. नुसत्या प्रमाण मराठीत घेतलेल्या चाचणीत हुशार लेकरूही मागं पडलेलं दिसतं.

पैशाची अडचण असेल, तर अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येणाऱ्या आरोग्य पथकाला गाठा. मुलांच्या वाढीतल्या अडचणी तपासणाऱ्या जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी तिथूनच मिळते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा फोनही मोफत आहे.

दिवाळीनंतर ऊसतोडीला कोयत्यावर जाणार असाल, तर तेही आधीच बोला. गावी थांबणाऱ्या आजीलाच घरचा सराव शिकवून घेता येतो, आणि मधल्या भेटी फोनवर ठरवता येतात.